मदत आणि मुदत

स्वयंसेवी संस्थेला हात देण्यापूर्वी तिचे काम किती वर्षे चालणार, हे पाहावे लागते. घोड नदीवरच्या डिंभे धरणात आंबेगाव तालुक्याच्या पश्चिम पट्ट्यातील आदिवासींच्या जमिनी गेल्या. कुसुम कर्णिक आणि आनंद कपूर यांच्या ‘शाश्वत’ संस्थेने तिथे हक्कांचा प्रश्न हाती घेतला: पाणी ओसरल्यावर उघडी पडणारी गाळपेर जमीन कसण्याचा हक्क आणि जलाशयात मासेमारीचा हक्क. त्यातून विस्थापितांची मच्छीमार सहकारी संस्था उभी राहिली. उतारावर दगडी ताली रचून, गावाने मिळून भातखाचरे घडवायची पडकईची जुनी रीतही रोजगार हमीच्या कामात आली.

अशा कामाचा खर्च फोटोत दिसत नाही. कचेरीतले हेलपाटे, सात-बाराचे उतारे, एसटीचे भाडे, कार्यकर्त्याचे मानधन, यांवरच ते तगते. देणगीदार मात्र वह्या-ब्लँकेटांना सढळ असतो आणि मानधन म्हटले की हात आखडतो. ही काटकसर संस्थेच्या मुळावर येते. 30 जुलै 2014 रोजी याच तालुक्यातील माळीण गावावर डोंगर कोसळला, दीडशेहून अधिक माणसे गेली आणि मदतीचा ओघ लागला. नवे गाव आमडे येथे उभे राहायला मात्र 2017 उजाडले. ओघ ओसरल्यावरही संस्था टिकवते ती कोणत्याही एका बाबीला न बांधलेली, दरसाल ठरल्या वेळी येणारी रक्कम, मग ती लहान का असेना.

स्वयंसेवकाने गावाचे वेळापत्रक आधी समजून घ्यावे. जुलैत भातलावणीसाठी घरदार खाचरात असते, उन्हाळ्यात जुन्नर-आंबेगावच्या रानात हिरडा गोळा होतो. त्या दिवसांत शिबिर ठेवले तर मांडवात पाहुणेच उरतात. महिन्यातून दोन दिवस येऊन वह्या नीट लावणारा निवृत्त हिशेबनीस मोठ्या श्रमदानापेक्षा अधिक उपयोगी ठरतो.

विश्वस्ताची जबाबदारी सर्वांत जड. 1950 च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्यानुसार विश्वस्त बदलला की 90 दिवसांत बदल अर्ज द्यावा लागतो, लेखापरीक्षण करून घ्यावे लागते, स्थावर मालमत्ता विकायला धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. संस्थापकाच्या आदरापोटी न वाचता सही करणारा विश्वस्त संस्थेचे नुकसानच करतो. ताळेबंदातली न कळलेली नोंद त्याने बैठकीत विचारावी आणि उत्तर इतिवृत्तात लिहून घ्यावे. बैठकही दर वेळी पुण्यात कशाला? ती डिंभ्याच्या काठी घेतली, तर ज्यांच्यासाठी पैसा आला त्यांनाही हिशेब ऐकता येतो.