पाचातला एक मी



आजचं चिंतन: भगवद्गीता, अध्याय १८, श्लोक १४.

कुठलंही कर्म घडायला पाच कारणं लागतात, असं भगवंत इथे सांगतात. अधिष्ठान म्हणजे हा देह. कर्ता म्हणजे ‘मी करतो’ म्हणणारा जीव. मग इंद्रियं, त्यांच्या नाना हालचाली आणि पाचवं दैव. पुढे १६व्या श्लोकात ते म्हणतात की, एवढं असूनही जो एकट्या स्वतःलाच कर्ता समजतो, त्याला नीट दिसतच नाही.

मी एका कन्सल्टिंग फर्ममध्ये ज्युनियर ॲनालिस्ट आहे. रात्री एकपर्यंत जागून एक्सेलमध्ये मॉडेल मी बनवायचं, त्यावर स्टोरी मॅनेजरने बसवायची आणि क्लायंटपुढे बोलायचं पार्टनरने. डेकवर माझं नाव नसतं. आधी हे फार टोचायचं. पण ते मॉडेल तरी एकट्या माझं कुठे असतं? डेटा क्लायंटच्या माणसांनी जमवलेला, टेम्प्लेट आधीच्या कुणीतरी करून ठेवलेली, आणि फोनवर तासभर धंद्यातले बारकावे सांगणारा जाणकार वेगळाच. माऊलींनी शके १२१२ मध्ये नेवाशाला एवढी ज्ञानेश्वरी सांगितली आणि श्रेय दिलं निवृत्तिनाथांना. लिहून घेतली सच्चिदानंदबाबांनी. मग आपल्या वीस स्लाइड्सचं काय घेऊन बसायचं!

पण इथेच एक घसरडी जागा आहे. ‘मी काय, ज्युनियर, वरून सांगितलं तसं केलं,’ अशी पळवाटही याच श्लोकातून काढता येते.

मॅनेजर सहज म्हणतात, “ग्रोथ रेट जरा वाढव ना.” आज १०० कोटींचा असलेला बाजार वर्षाला ८ टक्क्यांनी वाढला, तर ५ वर्षांनी साधारण १४७ कोटींचा होतो. १२ टक्के धरले तर १७६. बदलला फक्त एक सेल. पण त्या २९ कोटींच्या भरवशावर कुणीतरी कर्ज काढणार असतं, कारखाना वाढवणार असतं, माणसं नेमणार असतं.

भगवंतांनी कर्त्याला पाचातून वगळलेलं नाही. तो एकटा नाही, एवढंच सांगितलंय. म्हणजे श्रेय वाटून टाकायचं, पण आपल्या वाट्याची जबाबदारी दुसऱ्याच्या गळ्यात घालायची नाही.

म्हणून मी विचारतो, “सर, १२ टक्क्यांचा सोर्स काय लिहू? नसेल तर दोन्ही आकडे दाखवू या का?” विचारताना पोटात गोळा येतो, कारण अप्रेझल त्यांच्याच हातात. कधी ऐकतात, कधी नाही. नाही ऐकलं तर तेच मेलवर लिहून ठेवतो. त्यापुढचं दैवाकडे. विचारणं मात्र माझ्याकडेच होतं.

आज काम करताना एकदा स्वतःला विचारून बघा: या पाचातला माझा वाटा मी नीट केला का?

जय हरी!