प्रार्थना आणि प्रपंच

ईश्वर प्रेमस्वरूप आहे, हे ख्रिस्ती धर्माचे मूलभूत विधान होय. ते मान्य करणे श्रद्धावंताला कठीण नसते; त्याचा प्रत्यय घेणे मात्र कठीण असते. हा प्रत्यय कोठे आणि कसा यावा, याचा शोध घेणाऱ्या साधकांनी ख्रिस्ती परंपरेत प्रार्थनेचा एक निराळा प्रकार जोपासला. याचना, स्तुती आणि पापांची कबुली हे प्रार्थनेचे सर्वपरिचित प्रकार शब्दांच्या आधाराने चालतात. त्यांच्या पलीकडे जी प्रार्थना आहे, तिच्यात काही मागावयाचे नसते आणि फारसे बोलावयाचेही नसते. ईश्वर समीप आहे या जाणिवेत स्वस्थपणे राहावयाचे, एवढेच तिचे स्वरूप. मराठीत तिला मनन, ध्यान अथवा चिंतनशील प्रार्थना असे म्हणता येईल. अशी प्रार्थना मठाच्या एकांतापुरती नाही. स्वयंपाक, शेती, आजारपण, देणेघेणे या नित्याच्या व्यवहारातही तिच्या योगे ईश्वराचे प्रेम भेटते, असे तिचे उपासक सांगत आले आहेत.

हे सांगणे मोहक आहे, आणि म्हणूनच ते तपासून घ्यावयास हवे. नित्याचा व्यवहार हा कधीच एकट्याचा नसतो. एकाने डोळे मिटून बसावयाचे तर चुलीवरचे उतू जाणारे दूध कोणीतरी उतरवावे लागते. तेव्हा दैनंदिन जीवनात ईश्वराचे प्रेम सापडले, असे कोणी म्हणू लागला, की त्या प्रेमाची किंमत कोणाच्या दैनंदिन जीवनातून चुकती झाली, हा प्रश्न अपरिहार्यपणे उभा राहतो. हा प्रश्न अश्रद्धेचा नाही. तो शुभवर्तमानातच विचारला गेला आहे.

लूककृत शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायात मार्था आणि मरिया या बहिणींची कथा येते. मरिया येशूच्या चरणांपाशी बसून त्याची वचने ऐकते. मार्था पाहुणचाराच्या कामाने बेजार होते आणि अखेर तक्रार करते. येशूचा कौल मरियेच्या बाजूने पडतो. या कौलावरून चिंतन श्रेष्ठ आणि कर्म कनिष्ठ असा निष्कर्ष कित्येक शतके काढला गेला. परंतु त्याच परंपरेतील श्रेष्ठ साधकांना हा निष्कर्ष जाचत राहिला. माइस्टर एकहार्ट या जर्मन चिंतकाने एका प्रवचनात तो सरळ उलटा केला. त्याच्या मते मार्था ही अधिक परिपक्व. कामात असतानाही तिचे मन ईश्वरापासून ढळत नाही, आणि मरियेला अजून तेथवर पोहोचावयाचे आहे. सोळाव्या शतकातील आविलाच्या तेरेसा यांनी आपल्या मठभगिनींना, ईश्वर भांड्याकुंड्यांमध्येही वावरतो, याची आठवण करून दिली. इग्नेशियस लोयोला यांनी दिवसाच्या घटनांकडे पुन्हा वळून पाहण्याची, त्यांत कृपा कोठे होती आणि आपण कोठे चुकलो हे न्याहाळण्याची शिस्त आपल्या अनुयायांना लावून दिली. त्यांच्याच संघातील फादर थॉमस स्टीफन्स यांनी पुढे गोव्यात मराठी ओवीत ‘ख्रिस्तपुराण’ रचले आणि 1616 मध्ये ते रायतूर येथे छापले गेले. म्हणजे ही परंपरा मराठीला परकी राहिलेली नाही.

या मालिकेतील सर्वांत लोभस व्यक्ती सतराव्या शतकातील ब्रदर लॉरेन्स ही होय. हा मूळचा सैनिक. पुढे पॅरिसच्या कार्मेल मठात तो आचारी झाला. स्वयंपाकघराची त्याला उपजत नावड होती. तरीही प्रार्थनेची वेळ आणि कामाची वेळ यांत आपल्याला भेद उरला नाही, असा त्याचा अनुभव. त्याची पत्रे आणि त्याच्याशी झालेली संभाषणे आजही जगभर वाचली जातात. त्याच्या प्रामाणिकपणाविषयी शंका घेण्याचे कारण नाही. तथापि एक गोष्ट ध्यानात ठेवावयास हवी. लॉरेन्सच्या मागे बायकामुले नव्हती. उद्याच्या धान्याची चिंता मठ वाहत होता. त्याने स्वयंपाकघरात ध्यान आणले हे खरे, परंतु ते स्वयंपाकघर संसाराचे नव्हते.

संसारातील ध्यानाची कथा मराठी संतपरंपरेने अधिक धीटपणे सांगितली आहे. अरणच्या सावता माळ्याला मळा सोडून पंढरीस जावे लागले नाही, आणि नामदेवांच्या घरी राबणाऱ्या जनाबाईच्या जात्याला स्वतः विठ्ठलाने हात लावला, असे परंपरा मानते. या दोन कथांत श्रम आणि भक्ती यांचा मेळ सुखाने जमतो. तेरच्या गोरा कुंभाराची कथा मात्र निराळी आहे. पत्नी पाण्याला गेली, मूल बापाच्या हवाली केले. बाप नामस्मरणात तल्लीन होऊन चिखल तुडवीत राहिला आणि रांगत आलेले मूल त्या चिखलात तुडवले गेले. पुढे ईश्वरकृपेने मूल परत मिळते, म्हणून कीर्तनाचा श्रोता निश्वास टाकतो. परंतु पाण्याची घागर घेऊन परतलेल्या त्या आईचा आक्रोश कथेतून पुसला गेलेला नाही. लोकमानसाने चमत्काराबरोबर तो आक्रोशही जपून ठेवला, यात त्याचा नैतिक शहाणपणा दिसतो. तल्लीनता खरी असली तरी तिच्या पायाखाली कोण आले हे विचारण्याचा अधिकार घरातल्या माणसाला आहे, हे या कथेने गृहीत धरले आहे.

हा अधिकार ज्या मराठी ग्रंथात सर्वाधिक मोकळेपणाने वापरला गेला तो ग्रंथ म्हणजे लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’. 1934 पासून भागाभागांनी प्रसिद्ध झालेल्या या आत्मचरित्राचे वाङ्मयीन गुण सर्वमान्य आहेत. प्रार्थना आणि प्रपंच यांच्या संबंधाविषयीचा एक अस्सल पुरावा म्हणून मात्र त्याकडे पुरेसे पाहिले जात नाही.

या ग्रंथाच्या आरंभीच लक्ष्मीबाईंच्या वडिलांचे सोवळे येते. 1857 च्या धामधुमीत घराण्यावर आलेल्या आघातानंतर त्या सोवळ्याने वेडाचे रूप घेतले. बाजारातून आलेली वस्तू धुतल्यावाचून घरात यावयाची नाही, असा दंडक. शुद्धी वडिलांची, धुणे मात्र घरातल्या बायकांचे. पुढे 1880 मध्ये त्यांचा विवाह नारायण वामन टिळकांशी झाला. टिळक कवी, वक्ते आणि सत्याचे अस्वस्थ शोधक. 1893 मध्ये राजनांदगावच्या आगगाडीच्या प्रवासात एका युरोपीय सहप्रवाशाने त्यांच्या हाती नवा करार ठेवला आणि 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. टिळकांचा ईश्वराशी चाललेला संवाद किती खोल होता, याची साक्ष त्यांचे अभंग देतात. तुकारामांच्या सेतूवरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे ते सांगत. त्यांची प्रार्थना चालली ती वारकरी अभंगाच्या घाटातच. पण ज्या क्षणी त्यांना पित्याच्या प्रेमाचा साक्षात्कार झाला, त्या क्षणापासून त्यांची पत्नी लहानग्या दत्तूला घेऊन नातलगांच्या आश्रयाला राहिली. ती विधवा नव्हती आणि नांदतीही नव्हती. हा काळ थोडाथोडका नव्हे, तर वर्षांचा होता.

येथे लक्ष्मीबाईंची दृष्टी विशेष महत्त्वाची ठरते. वडिलांचे सोवळे आणि पतीची ईश्वरनिष्ठा या दोन गोष्टी त्यांनी एकाच तराजूत घातल्या नाहीत. पण दोहोंचा भार घरात कोणावर पडला, हे मात्र त्यांनी एकाच निर्मळ विनोदाने टिपले. टिळक न सांगता घर सोडून जात, हातचा पैसा गरजवंताला देऊन टाकीत, अनोळखी मुलांना घरी आणीत. देण्याचा आनंद टिळकांचा. पुढच्या जेवणाची जुळवाजुळव लक्ष्मीबाईंची. त्यांच्या लेखनात याविषयी कटुता नाही, तशी भक्तिपर सारवासारवही नाही. टिळकांचे औदार्य खरे होते, आणि त्याचा हिशेब आपल्याला चुकवावा लागला हेही खरे होते. ही दोन्ही सत्ये त्या शेजारी शेजारी ठेवतात. धर्म बदलला तरी हा हिशेब आपोआप बदलत नाही, ही या ग्रंथाची अत्यंत अवघड शिकवण आहे.

मग लक्ष्मीबाईंची स्वतःची प्रार्थना कोणती? ती ग्रंथात वेगळी काढून दाखविता येत नाही, कारण ती जगण्यात विरघळलेली आहे. तथापि एक प्रसंग निर्णायक आहे. पतीकडे परतल्यावरही त्यांचे खाणेपिणे, पाणी सारे वेगळे होते. बालपणाच्या सोवळ्याने पाठ सोडली नव्हती. अशात एकटेपणी त्यांच्या मनात विचार आला, की या जाती देवाने निर्माण केल्या की माणसाने? जन्म, मरण, शरीराची घडण यांत देवाने कोठे भेद केलेला दिसेना. या चिंतनाची अखेर दुसऱ्यांच्या हातचे अन्नपाणी घेण्यात झाली. टिळकांच्या वक्तृत्वाने जे घडले नव्हते ते एका निःशब्द विचाराने घडले. 1900 मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. एकांतात जे उमगले ते लागलीच चूल आणि माठ यांच्यापाशी आचरणात उतरले, आणि त्याची किंमत त्यांनी दुसऱ्या कोणाकडून वसूल केली नाही. स्वतःच्या जन्मजात भयाच्या रूपाने ती स्वतःच चुकती केली. चिंतनशील प्रार्थना म्हणून जिचे वर्णन केले जाते, तिचे हे अगदी साधे आणि अगदी खरे उदाहरण होय.

यावर एक गंभीर आक्षेप येऊ शकतो. प्रार्थनेची परीक्षा घरातच घ्यावयाची असेल, तर प्रार्थनेचे रूपांतर केवळ कर्तव्यात होणार नाही काय? ईश्वर मग शेजारधर्माचे दुसरे नाव तेवढे उरेल. शिवाय टिळकांनी प्रथम घराचा हिशेब केला असता, तर ते ख्रिस्ताकडे गेलेच नसते. आणि ते गेले नसते तर लक्ष्मीबाईंचे सोवळेही सुटले नसते. ज्यांनी त्यांना अडखळत का होईना अक्षरे शिकवली तेही टिळकच.

आक्षेपाचा उत्तरार्ध मान्य करावयास हवा. हाकेला उत्तर देणारा माणूस घरच्यांच्या संमतीची वाट पाहत थांबेलच असे नाही, आणि काही ऋणे अशी असतात की ती घेतल्यावाचून कोणालाच मुक्ती मिळत नाही. पण ऋण घेणे आणि ते नाकारणे या भिन्न गोष्टी आहेत. ईश्वराने बोलावले म्हणून मागे राहिलेल्यांचे काही देणे उरले नाही, असे म्हणणारी प्रार्थना स्वतःचीच फसवणूक करते. टिळक पत्नीला विसरले नाहीत. तिच्या परतण्याची वाट पाहत राहिले, आणि पुढे नगरच्या त्यांच्या घराने बालकवी ठोंबऱ्यांपासून कितीतरी निराधार मुलांना थारा दिला. या थाऱ्यात आता लक्ष्मीबाईंचे मनही होते.

पूर्वार्धाचे उत्तर अधिक सूक्ष्म आहे. कर्तव्य माणसाला काय करावयाचे ते सांगते. समोरच्या माणसाकडे कसे पाहावयाचे ते सांगत नाही. फ्रेंच विचारवंत सिमोन वेइल यांनी प्रार्थनेचे सार अवधानात पाहिले, आणि दुःखिताकडे पूर्ण अवधानाने पाहणे ही विरळा घडणारी गोष्ट आहे, असे त्यांचे मत होते. हे अवधान नुसत्या कर्तव्यबुद्धीने येत नाही. कर्तव्य थकते, हिशेब ठेवते, प्रसंगी उपकाराची आठवण करून देते. केडगावच्या मुक्तिसदनात पंडिता रमाबाईंनी 1896 च्या दुष्काळानंतर शेकडो अनाथ मुली व विधवा सांभाळल्या. त्यांच्यासाठी शेती, विणकाम, छापखाना चालविला, आणि त्याच व्यापात बायबलचे मराठी भाषांतर मूळ भाषांवरून पुरे केले. हा व्याप नुसत्या कर्तव्याने उचलला जात नाही. आपल्यावर आधी कोणीतरी प्रेम केले आहे, या जाणिवेतून ते बळ येते. प्रार्थना ही त्या जाणिवेपाशी पुन्हा पुन्हा परतण्याची रीत आहे. म्हणून तिला कर्तव्याचा पर्याय म्हणता येत नाही. ती कर्तव्याला कोरडे पडू देत नाही.

1917 मध्ये टिळकांनी मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले अशा दोहोंना त्यात जागा होती. आयुष्याच्या शेवटीही त्यांचे मन संन्यासाकडे ओढ घेत होते, आणि लक्ष्मीबाई याही वेळी संसार सावरीत होत्या. 1919 मध्ये टिळक गेले तेव्हा त्यांचे ‘ख्रिस्तायन’ अपुरे होते. ज्यांना शाळेची पायरी लाभली नव्हती, त्या लक्ष्मीबाईंनी ते काव्य पूर्ण केले.

चिंतनशील प्रार्थनेने दैनंदिन जीवनात ईश्वराचे प्रेम सापडते काय, या प्रश्नाचे उत्तर मराठीने या घरापुरते तरी नोंदवून ठेवले आहे. ते सापडते, परंतु ते सापडल्याचा निर्वाळा प्रार्थना करणाऱ्याने स्वतः द्यावयाचा नसतो. तो त्याच्याबरोबर जेवणाऱ्या, त्याची वाट पाहणाऱ्या, त्याचे कपडे धुणाऱ्या माणसाने द्यावयाचा असतो. टिळकांच्या बाबतीत तो निर्वाळा ‘स्मृतिचित्रे’ने दिला. त्यात तक्रार शिल्लक आहे, हसू आहे आणि प्रेमही आहे. तक्रार वगळून दिलेला निर्वाळा इतका विश्वसनीय वाटला नसता.