भेदाची नीती : एका माशीच्या निमित्ताने

'भेद' हा शब्द आपल्या नैतिक परिभाषेत बहुधा दोषवाचक म्हणूनच येतो. भेदाभेद, भेदभाव, दुजाभाव या शब्दांच्या सहवासात तो इतका काळ राहिला आहे, की भेद करणे म्हणजे अन्याय करणे आणि अभेद पाहणे म्हणजे उन्नत होणे, हे समीकरण आपण फारशी चिकित्सा न करता स्वीकारतो. संतपरंपरेचा संस्कार आणि आधुनिक समतेची आकांक्षा हे दोन्ही प्रवाह येथे एकत्र मिळालेले आहेत. परंतु भेद न करण्यातूनही अन्याय घडू शकतो काय, हा प्रश्न त्यामुळे मागे पडतो. प्रस्तुत लेखात तो एका क्षुल्लक वाटणाऱ्या जीवाच्या संदर्भात मांडावयाचा आहे.

हा जीव म्हणजे फुलापुढे हवेत एकाच जागी स्थिर राहू शकणारी माशी. शास्त्रीय वर्गीकरणात तिचे कुल सिर्फिडी. शेतीविषयक मराठी लेखनात ती 'सिरफिड माशी' म्हणून येते. बोलीत तिचे वेगळे नाव सहसा ऐकू येत नाही. पुणे-नाशिक रस्त्यावरील कुरुळी हे खेड तालुक्यातील गाव आता चाकणच्या औद्योगिक पट्ट्यात मोडते. तेथील एखाद्या उरल्यासुरल्या शेतात, फुलोऱ्यावर आलेल्या कोथिंबिरीपाशी कोणी उभा राहिला, पिवळ्या-काळ्या पट्ट्यांचा असा कीटक त्याला दिसला, तर 'मधमाशी' किंवा 'गांधीलमाशी' म्हणून तो मागे सरेल. वस्तुतः या माशीला नांगीच नसते. पट्टे आहेत, विष नाही.

निरुपद्रवी जीवाला उपद्रवी किंवा बेचव जीवाशी असलेल्या साम्यामुळे संरक्षण मिळते, हा सिद्धान्त हेन्री वॉल्टर बेट्स याने ॲमेझॉनच्या खोऱ्यातील फुलपाखरांवरून 1862 मध्ये मांडला. या घटनेला 'अनुकरण' म्हटले जाते. साहित्यशास्त्राच्या अभ्यासकाला हा शब्द ऐकताच श्रीशंकुक आठवावा. नटाच्या ठिकाणी प्रेक्षकाला होणारी 'हा राम' ही प्रतीती सम्यक्, मिथ्या, संशय आणि सादृश्य या चारही ज्ञानप्रकारांहून निराळी असते, हे त्याने चित्रातील घोड्याच्या दृष्टान्ताने सांगितले. त्यावर भट्टतौताने घेतलेला आक्षेप अभिनवगुप्ताने नोंदविला आहे : हे अनुकरण नेमके कोणाच्या दृष्टीने? प्रेक्षकाच्या, नटाच्या, वस्तुस्थितीचे विवेचन करणाऱ्याच्या, की भरतमुनीच्या?

हाच प्रश्न माशीविषयी विचारून पाहावा. तिला टाळणाऱ्या पक्ष्याला अनुकरण दिसत नाही. त्याला मधमाशीच दिसते. स्वतः माशीला अनुकरणाचा हेतू नाही. अनुकरण दिसते ते केवळ विवेचकाला, कारण दोन्ही जीव पृथक् आहेत हे त्याला आधीच ठाऊक असते. म्हणजे अनुकरणाची जाणीव भेदाच्या जाणिवेवर उभी असते. एखादी मराठी कृती 'पाश्चात्त्यांचे अनुकरण' ठरवणाऱ्या समीक्षकानेही हे ध्यानात ठेवणे इष्ट आहे. ज्याने मूळ आणि प्रस्तुत कृती दोन्ही स्वतंत्रपणे ओळखलेल्या नाहीत, त्याचा निर्णय पक्ष्याच्या निर्णयाहून वरच्या पातळीचा नसतो.

मग भेद करावयाचा कशावरून? पट्टे हे लक्षण अतिव्याप्त आहे. ते गांधीलमाशीतही सापडते. मधमाशीला पंख चार, सिरफिड माशीला दोन. मागच्या पंखांच्या जागी गाठीच्या टोकाचे दोन सूक्ष्म दांडे असतात आणि ते उड्डाणात तोल राखतात. पण दोन पंख घरमाशीलाही असतातच. सिर्फिडी कुलाची खास खूण पंखाच्या मध्यभागी आहे : शिरेसारखी दिसणारी एक जाड घडी, जी इतर शिरांना न मिळता मध्येच संपते. शास्त्रज्ञांनी तिला 'खोटी शीर' असे नाव दिले. जी शीर खरी नाही, तीच ओळखीची सर्वांत भरवशाची खूण ठरावी, हा न्यायशास्त्राला विचारात पाडणारा प्रकार आहे. आणि तीही काही मोजक्या जातींत आढळत नाही, म्हणजे अव्याप्तीचा दोष येथेही सुटत नाही.

कुलापासून जातीपर्यंत उतरताना अडचण वाढते. 'एपिसिर्फस बाल्टिएटस' या जातीच्या उदरावर जाड काळ्या पट्ट्याच्या जोडीला मिशीसारखा एक बारीक पट्टा असतो. परंतु कोषावस्थेत थंडी अधिक लागली तर उदराचा काळा भाग वाढतो. 'इस्किओडॉन स्क्युटेलॅरिस' या जातीच्या नराला मागच्या पायाच्या मुळाशी काट्यासारखा उंचवटा असतो; मादीला तो नसतो. कित्येक जातींचा अंतिम निर्णय तर नराची जननेंद्रिये सूक्ष्मदर्शकाखाली पाहूनच करावा लागतो. एन्रिको ब्रुनेटी याने 'फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया' या मालेच्या 1923 च्या खंडात भारतातील या कुलाचे वर्णन केले ते टाचणीला टोचलेल्या नमुन्यांवरून. कुरुळीपासून फार दूर नसलेल्या आकुर्डीत भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेचे पश्चिम विभागीय केंद्र आहे. अशा संस्थांतील संग्रहही मृत नमुन्यांचेच असतात. जातीची निश्चिती व्यक्तीच्या मृत्यूने विकत घ्यावी लागते, हा ज्ञानव्यवहारातील नैतिक पेच शब्दच्छलाने सुटणारा नाही.

असे असेल तर भेदाचा आग्रहच सोडावा काय? अभेदाची किंमत पाहिल्याखेरीज याचे उत्तर देता येणार नाही. 'एरिस्टॅलिस टेनॅक्स' ही सिरफिड माशी मधमाशीसारखी दिसते. तिची अळी कुजक्या पाण्यात वाढते आणि शेपटीसारख्या लांब नळीने श्वास घेते. मेलेल्या बैलाच्या देहातून मधमाश्या जन्मतात ही प्राचीन समजूत व्हर्जिलच्या 'जॉर्जिक्स'च्या चौथ्या भागात येते. तिच्या मुळाशी हीच माशी असावी, असे प्रतिपादन ओस्टेन-साकेन याने 1894 मध्ये केले. दोन जीव एक मानल्यामुळे एक भ्रम शतकानुशतके ज्ञान म्हणून वावरला. हे नुकसान केवळ ज्ञानाचे होते. शेतात ते जीवावर बेतते. याच कुलातील अनेक जातींच्या अळ्या पिकावरील मावा खाऊन जगतात. मराठीत मात्र फुलपाखराचे पिल्लू, पतंगाचे पिल्लू आणि माशीचे पिल्लू ही सर्वच 'अळी'. पान उलटून पाहिल्यावर अळी दिसली की फवारणी होते. मारला जातो तो मावा खाणाराच. त्याचा अपराध एवढाच, की त्याचे नाव आणि पीक खाणाऱ्याचे नाव एक होते.

येथे एक आक्षेप संभवतो. उपयुक्त म्हणून या अळीला वाचवणे ही माणसाच्या सोयीचीच नीती नव्हे काय? आक्षेप अंशतः मान्य करावा लागेल. परंतु भेद आणि श्रेणी या दोन गोष्टी निराळ्या आहेत. 'हे ते नव्हे' असे म्हणताना 'हे त्याहून श्रेष्ठ' असे म्हटले जात नाही. आपल्या समाजाने भेदावर श्रेणी लादली आणि श्रेणीचे पाप भेदाच्या माथी मारले. ज्ञानेश्वरांची आळंदी कुरुळीहून जवळच आहे. त्यांच्या अद्वैतातला अभेदही न पाहण्यातून आलेला नाही, भेद पुरता पाहून झाल्यानंतरचा तो आहे.

तेव्हा भेद करावा की करू नये, हा प्रश्नच चुकीचा मांडला जातो. तो कोठवर न्यावा, हा खरा प्रश्न. पंप हातात घेणाऱ्याला मावा खाणारी अळी ओळखता आली तर पुरे. तिची जात त्याने जाणली नाही म्हणून काही बिघडत नाही. जातीचा निर्णय करणाऱ्याला त्यापुढे जावे लागते, आणि जो जीव त्यासाठी घेतला त्याचे उत्तर त्याने द्यावयाचे असते. आपली कृती ज्या भेदावर अवलंबून आहे, तेवढा भेद जाणून घेण्याचे उत्तरदायित्व कर्त्याचे आहे. त्याहून कमी पाहणे हा निष्काळजीपणा. गरज नसताना त्याहून अधिक पाहण्यासाठी जीव घेणे, ही हिंसाच.