वजन योग्य, पण पोषण?

इंग्लंडच्या सरकारी शाळांत मुलांची उंची आणि वजन दोनदाच मोजतात: रिसेप्शनमध्ये आणि दहा-अकराव्या वर्षी, इयर सिक्समध्ये. दुसऱ्या खेपेला 'वजन योग्य' असं पत्र आलं की हॅरोतल्या मराठी घरातले आईवडील निर्धास्त होतात. शरीर झपाट्यानं घडण्याची वर्षं मात्र त्यानंतरच येतात आणि मला काळजी वाटते ती याच वर्षांची.

कारण आपल्या मुलांच्या बाबतीत वजनाचा आकडा फसवा असतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचाच दाखला दिला. दोघांचा बीएमआय सारखाच, २२.३. चरबी मात्र युडकिनांच्या शरीरात ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या २१.२ टक्के. पुण्याजवळच्या खेड्यांतल्या नवजात बाळांतही याज्ञिकांना हेच दिसलं होतं: वजन इंग्रज बाळांहून बरंच कमी, स्नायू तुटपुंजे, चरबी तेवढी राखलेली. पुढे मधुमेहाला वाट मिळते ती अशाच शरीरात.

म्हणून 'काही अंगी लागत नाही' म्हणत किडकिडीत मुलाला तूप-साखर वाढणं हा त्यावरचा उपाय नाही. त्याला हवेत स्नायू. शाकाहारी घरात वाटीभर पातळ वरणावर ते होत नाहीत. घट्ट उसळ, दही, पनीर रोजच्या ताटात लागतं. मुलींना लोह मुलांपेक्षाही जास्त हवं: इथल्या शिफारशीप्रमाणे दिवसाला १४.८ मिलिग्रॅम, मुलांना ११.३. जेवणाबरोबरचा चहा त्यातलं बरंच शोषू देत नाही.

हाडांचं दुखणं तर या देशात आल्यावरचं. ऑक्टोबर ते मार्च इथल्या उन्हातून त्वचेला ड जीवनसत्त्व जवळपास मिळतच नाही आणि सावळ्या त्वचेला उन्हाळ्यातलंही कमी पडतं. साठ-सत्तरच्या दशकांत ब्रिटनमधल्या दक्षिण आशियाई मुलांत मुडदूस पुन्हा दिसू लागला, त्यामागे हेही एक कारण होतं. हिवाळ्यात १० मायक्रोग्रॅमची गोळी रोज घ्या, असं एनएचएस सर्वांनाच सांगते. सावळ्या त्वचेच्या लोकांनी वर्षभर घेण्याचा विचार करावा, असंही.

मला सर्वांत जास्त खटकतं ते मात्र ताटाबाहेरचं. जीसीएसई जवळ आली की आपण आधी खेळ बंद करतो आणि त्या वेळात ट्यूशन लावतो. रोज सरासरी तासभर हालचाल, ही इथली वैद्यकीय शिफारस, परीक्षेच्या वर्षातल्या मुलांनाही लागू आहे. खाल्लेल्या उसळीचा स्नायू व्हायचा तर मुलानं मैदानावर धावायलाच हवं.