तळहातावरची कुयली

बसा. हात मांडीवर ठेवा, तळवे वरच्या बाजूला.

श्वास आत येऊ द्या. जाऊ द्या.

आता मनानेच उजव्या तळहातावर एक बी ठेवा. खाजकुयलीची बी. काळी, तुकतुकीत, एका कडेला पांढरट रेघ.

घाई नको. तिचं वजन जाणवू द्या.

पावसाळा सरला की रानात हिचा वेल गडद जांभळ्या फुलांनी लवतो. मग शेंगा धरतात, अंगभर सोनेरी-तपकिरी लव घेऊन. ती लव कातडीला लागली की आग आग होते. गुराखी त्या वाटेने जात नाहीत.

आतली बी मात्र गुळगुळीत. बोट फिरवून बघा.

श्वास घ्या.

आता हाताकडे लक्ष द्या. तो स्थिर आहे. हा स्थिरपणा आपोआप आलेला नाही. मेंदूच्या खोल गाभ्यात एक काळसर पट्टा आहे, तिथल्या पेशी डोपामिन बनवतात. पाऊल उचलणं, पेला ओठांशी नेणं, सदऱ्याचं बटण लावणं त्याच्यामुळे सहज होतं.

पार्किन्सनमध्ये त्या पेशी मरत जातात. पट्टा फिकट होतो.

मग पाऊल अडखळतं. अंग ताठरतं. पुष्कळांचा हात निवांत असतानाच थरथरू लागतो. अंगठा तर्जनीवर फिरत राहतो, जणू गोळी वळतो आहे. काही घ्यायला हात पुढे केला की थरथर ओसरते. मांडीवर परतला की पुन्हा सुरू.

म्हणजे ज्या क्षणी आपला हात विसावतो, नेमका तोच क्षण त्यांना मिळत नाही.

इथे थांबा. हवा तितका वेळ.

आता पुन्हा बीकडे या. तिच्या आत लेव्होडोपा आहे. डोपामिन रक्तातून मेंदूत शिरू शकत नाही. लेव्होडोपा शिरतं, आणि आत पोचल्यावर त्याचंच डोपामिन होतं.

वैद्य ही बी दुधात शिजवून, शुद्ध करून कंपवातावर देत आले आहेत. १९३७ साली मद्रासमध्ये दामोदरन आणि रामस्वामी यांनी याच बीमधून लेव्होडोपा वेगळं काढलं. मेंदूत डोपामिनचं काम काय, हे तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं. तो उलगडा १९५० च्या दशकाच्या अखेरीस होऊ लागला. तोवर उत्तर शेंगेत होतं, प्रश्न अजून पडायचा होता.

श्वास सोडा.

२००४ साली लंडनमधली एक लहानशी चाचणी प्रसिद्ध झाली. रुग्ण फक्त ८. कुयलीच्या चूर्णाची ३० ग्रॅमची मात्रा लेव्होडोपाच्या नेहमीच्या गोळीपेक्षा लवकर लागू पडली, परिणामही जास्त वेळ टिकला. आशा वाटावी असं हे आहे. पण ८ म्हणजे ८च.

आणि प्रत्येक बीत लेव्होडोपा सारखं नसतं. म्हणून ही बी मनातच धरा, तोंडात नको. कुणाला घ्यावीशी वाटली, तर आधी आपल्या डॉक्टरांना विचारावं. चालू गोळ्यांत ती परस्पर मिसळली तर मात्रा वाढते, मळमळ होते, अंग आपसूक वळवळू लागतं.

बीने काय होत नाही, तेही शांतपणे ऐका. मेलेल्या पेशी परत येत नाहीत. हालचाल काही तास मोकळी होते, मग जडपणा येतो, आणि पुढच्या मात्रेची वेळ होते.