तेंच मंदिर कीं दुसरें ?

एखादी वस्तु 'तीच' आहे असें आपण म्हणतों, तेव्हां तिच्यांतील नेमकें काय टिकलेलें असतें? हा प्रश्न वरवर पाहतां शुष्क तर्काचा वाटतो. परंतु पूर्वजांच्या ठेव्यासंबंधीं आपलें कर्तव्य ठरवितांना तो टाळतां येत नाहीं. नॉर्वेंतील वांग गांवच्या एका लहानशा लांकडी प्रार्थनामंदिराचा इतिहास या दृष्टीनें मननीय आहे.

हें मंदिर मध्ययुगांत उभ्या खांबांच्या आधारानें बांधलेलें. मूळचें कॅथॉलिक, परंतु सोळाव्या शतकांतील धर्मसुधारणेनंतर ल्यूथरपंथी झालेलें. पुढें तें अपुरें पडूं लागलें. गांवकऱ्यांनीं नवें मंदिर बांधलें आणि १८४१ सालीं जुन्याचा लिलांव केला. ड्रेस्डेन येथें राहणारे नॉर्वेजियन चित्रकार डाल यांनीं तें प्रशियाचे राजे चौथे फ्रेडरिक विल्यम यांच्याकरितां घेतलें. सुटे केलेले भाग समुद्रमार्गानें बर्लिनला आले. तें बर्लिनजवळ उभारावें असा राजांचा प्रथम विचार होता. परंतु सायलेशियाच्या डोंगरांतील प्रॉटेस्टंट रहिवाशांना जवळ प्रार्थनास्थान नव्हतें. काउंटेस फॉन रेडेन यांनीं त्यांच्यासाठीं रदबदली केली आणि मंदिर तिकडे गेलें. पुष्कळ लांकडें नवीं घालावीं लागलीं, शेजारीं दगडी मनोरा चढला, आणि २८ जुलै १८४४ रोजीं तेथें उपासना सुरू झाली. १९४५ नंतर तो प्रदेश पोलंडांत गेला. आज कार्पाच येथें पोलिश ल्यूथरपंथी त्यांत प्रार्थना करतात.

भूमि बदलली, भाषा बदलली, लांकूडही बरेंच बदललें. मग टिकलें काय? आकृति, असें कोणी म्हणेल. पण आकृति नमुन्यांतही उतरते. उपासना, असें म्हणावें, तर वांगची उपासक मंडळी नव्या मंदिरांत गेली. मग तेंच खरें जुनें मंदिर ठरेल! म्हणजे एकाच वस्तूचे दोन वारस झाले: एकाकडे परंपरा राहिली, दुसऱ्याकडे वास्तु गेली.

यावरून गांवकऱ्यांस दोष देणें आम्हांस न्याय्य वाटत नाहीं. मृतांच्या कौशल्यासाठीं जिवंतांनीं अडचणींत बसावें, अशी सक्ति कोणासही करतां येणार नाहीं. परंतु जें आपण निर्माण केलें नाहीं, तें केवळ आपल्याला नको म्हणून नष्ट करण्याचाही अधिकार आपणांस नाहीं. ठेवा सांभाळणें म्हणजे तो कवटाळून बसणें नव्हे. ज्याला त्याची गरज आहे त्याच्या हातीं तो धड पोंचविणें होय. बर्लिनजवळ तें मंदिर शोभेची वस्तु झालें असतें. डोंगरांत तें मंदिरच राहिलें. 'तेंच' हा शब्द त्याला लागू पडत असेल, तर तो याच अर्थानें.