माल गेला, गाव राहिलं

सकाळी ईटमध्ये खव्याच्या भट्ट्या पेटतात. कढईत दूध आटत असतं आणि ढवळणाऱ्याचा हात थांबत नाही, कारण क्षणभर थांबला तरी खाली करपतं. भूम तालुक्यातला हा खवा शहरात पोचला की तिथल्या मिठाईवाल्याच्या नावाने खपतो. आपल्या मुलखाला याची सवय जुनी आहे.

आपल्याच धाराशिव जिल्ह्यातलं तेरणाकाठचं तेर घ्या. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक दर्यावर्द्याने लिहून ठेवलंय की, पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर नावाचं फार मोठं शहर आहे आणि तिथलं जाडंभरडं कापड, मलमल गाड्यांतून भडोचच्या बंदराला येते. पुढे तो व्यापार संपला. कोकणचे आणि कोल्हापूरचे शिलाहार राजे मात्र ‘तगरपुरवराधीश्वर’ ही पदवी ताम्रपटांत मिरवत राहिले. राज्य कुठे, तगर कुठे! हे तगर नेमकं कोणतं, यावर विद्वानांनी देवगिरी, जुन्नर, धारूर अशी नावं सुचवून पाहिली. १९०१ मध्ये शिलालेखांचे अभ्यासक फ्लीटसाहेबांनी तेरवर बोट ठेवलं, तेव्हा कुठे गावाला त्याची जुनी ओळख परत मिळाली.

तेरकरांचं त्यावाचून काही अडलं नव्हतं. त्यांच्या लेखी गाव संत गोरोबाकाकांचं, आणि तेवढं पुरेसं होतं. इथल्या त्रिविक्रमाचं देऊळ मुळात बौद्धांचं विटांचं चैत्यगृह, असं अभ्यासक सांगतात. उपासक बदलले, देव बदलला, पण दिवा लागत राहिला, म्हणून छप्परही टिकलं. जतन म्हणतात ते मला तरी हेच वाटतं. रिकाम्या वास्तूला पाटी लावून तिचं आयुष्य फार वाढत नाही.

आणि रामलिंगप्पा लामतुरे. पावसाने पांढरीच्या टेकाडांवर मणी, नाणी, मातीच्या मूर्ती उघड्या पडायच्या. कुणी बक्षीस देणार म्हणून नव्हे, तर आपल्या गावचं आहे म्हणून या तेरच्या माणसाने ते जमवलं. आज त्यांच्या नावाने तिथे सरकारी संग्रहालय आहे. त्यातली हस्तिदंती स्त्रीमूर्ती जरूर पाहावी. इटलीत ७९ साली ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या पाँपेईत अशीच एक सापडली; दोघी बहिणी शोभतात.

वारसास्थळांच्या याद्या निघतात, सुंदर गावांना पुरस्कार मिळतात. तेरलाही मिळोत, रस्ता तरी नीट होईल.

तोवर धाराशिवहून एस.टी.ने जाऊन यायला हरकत नाही. फक्त त्रिविक्रमाचं देऊळ समोरून बघून परतू नका. पुढे सपाट छताचा मंडप आहे. वळसा घालून मागे जा. हत्तीच्या पाठीसारखं गोलाकार छप्पर तिथूनच दिसतं.